खुडून लगेच पातेल्यात

पुदिन्याची जुडी बाजारातून घरी येते, चटणीला अर्धी लागते आणि उरलेली अर्धी फ्रीजच्या खालच्या खणात काळी पडते. बहुतेक घरांत हे ठरलेलंच असतं. चहासाठी आणलेल्या जुडीचं तर याहून वाईट होतं, कारण दोन कपांना पुदिन्याची आठ-दहा पानं पुरतात, गवती चहाची एखादी पात पुरते, आल्याचा पेरभर तुकडाही कधीकधी जास्त होतो. बाजार जुडीने विकतो, पाव किलोने विकतो. चहाला मात्र चिमटीने लागतं आणि रोज लागतं. थोडं आणि रोज, ही गरज बाजाराला परवडणारी नाही. खिडकीतल्या कुंडीला ती सहज जमते. चहाची बाग घरी का करायची, याचं मला पटलेलं सर्वांत सरळ उत्तर हे आहे. या पुस्तकातली प्रत्येक सूचना या ‘थोडं आणि रोज’च्या हिशेबाने लिहिली आहे.

चहाची बाग म्हणजे इथे खऱ्या चहाची झुडपं अभिप्रेत नाहीत. ते झाड आसामचं, दार्जिलिंगचं, निलगिरीचं. त्याला आम्लधर्मी माती आणि दमट डोंगरी हवा लागते. हौसेने एखादं झुडूप कुंडीत जगवता येईल, पण त्यावर घराचा चहा निघणार नाही. आपल्याला हवी आहेत ती पुडीबरोबर पातेल्यात पडणारी किंवा पुडीशिवायही एकट्याने कप भरणारी झाडं.

पुडीचा आणि बिनपुडीचा, या दोन चहांमधला फरक सुरुवातीलाच लक्षात घेतलेला बरा. आपल्या घरी येणारी दाणेदार पूड ज्या यंत्राने बनते, ते पान चिरडून, फाडून, वळवून दाणा करणारं यंत्र आसामात १९३० च्या सुमारास आलं. त्या दाण्याला झटपट रंग सुटतो, चव कडक असते आणि दूध-साखर घालूनही ती दबत नाही. अमृततुल्यच्या पितळी पातेल्यात जो चहा उकळतो, तो या दाण्यामुळे शक्य झाला. पण असा चहा सगळ्याच पानांना सोसत नाही. आलं, वेलदोडा, गवती चहा त्यात टिकून राहतात. तुळस जेमतेम टिकते. पुदिना दुधाच्या चहात हरवतो, आणि गोकर्णाच्या फुलाचा तर त्यात रंगही दिसत नाही. म्हणून कुंडी घेण्याआधी आपल्या घरात कोणता चहा होतो, हे बघावं. दिवसातून चार वेळा दुधाचाच चहा पिणाऱ्या घराने चार प्रकारचे पुदिने लावले तर ती झाडं नुसती शोभेची राहतील.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कोकणातल्या घरामागे, देशावरच्या वाड्यात, न्हाणीघराचं पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळू असायचं, केळ असायची आणि बाजूला गवती चहाचं ठोंब असायचं. त्याला मुद्दाम कोणी पाणी घालत नसे. पुढच्या अंगणात तुळस, परसात पानओवा, कुंपणावर गोकर्ण. पाहुणे आले की घरातलं एखादं पोर पात आणायला मागे पळे, तोवर इकडे आधण ठेवलेलं असे. परस गेलं, न्हाणीघराचं पाणी गटारात गेलं, आणि त्याबरोबर हे ठोंबही गेलं. आता जागा उरली आहे ती गॅलरीची, खिडकीच्या ग्रिलची आणि नशीब असेल तर गच्चीची. झाडं मात्र तीच आहेत, आणि ती कमी जागेत राहायला तयार असतात.

पानात वास कुठे राहतो, हे एकदा कळलं की अर्धं चहाशास्त्र कळतं. पुदिन्याचं किंवा तुळशीचं पान भिंगाखाली धरून पाहा. पृष्ठभागावर बारीक लव दिसेल आणि लवेच्या मध्ये चमकणारे सूक्ष्म ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. तेल पानाच्या बाहेरच्या अंगाला, अगदी पातळ पापुद्र्याखाली साठलेलं असतं, म्हणून नुसता हात लागला तरी बोटांना वास येतो. गवती चहाची पात हाताळून पाहिली तर तसं होत नाही. तिचं तेल पातीच्या आतल्या पेशींमध्ये असतं, ती मोडली किंवा चुरगळली तरच सुटतं. आल्याचं तेल तर कंदाच्या गरात.

करण्याची रीत यावरूनच ठरते. पुदिन्याची पानं तळहातावर हलकेच चोळावीत, कपात टाकावीत आणि वरून गरम पाणी ओतून पाच मिनिटं बशी झाकून ठेवावी. त्याला उकळी दिली की आधी वास जातो आणि मग उग्र, हिरवट चव उरते. गवती चहाची पात कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करून, मुरगळून आधणात टाकावी आणि तीन-चार मिनिटं उकळू द्यावी. आलं ठेचावं. किसलेल्या आल्याचा रस सुटतो पण चोथाही कपात उतरतो.

झाकणाबद्दल दोन शब्द. अत्तर किंवा सुगंधी तेल काढणारे भट्टीत पाला घालून त्यातून वाफ सोडतात, वाफेबरोबर तेल वर येतं आणि थंड नळीत उतरतं. उघड्या पातेल्यात पुदिना किंवा गवती चहा उकळतो तेव्हा अगदी हेच घडतं, फरक इतकाच की तेल धरायला वर नळी नसते. सगळ्या घरात सुंदर वास पसरतो आणि चहा बेचव होतो. घरभर वास दरवळला म्हणजे चहा उत्तम झाला, असं आपण मानत आलो. वास कपात राहायला हवा असेल तर झाकण ठेवणं हा एकच उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

आता झाडांविषयी. पहिला मान गवती चहाचा, कारण घरच्या बागेत याच्याइतकं देणारं आणि याच्याइतकं कमी मागणारं दुसरं काही नाही. याला बी धरलेलं क्वचितच दिसतं. ठोंबातून मुळासकट फुटवा काढून लावायचा, वरची पात अर्धी छाटायची, की पंधरवड्यात नवी पात डोकावते. बारा इंची कुंडी, भरपूर ऊन, पाण्याचा निचरा, बस्स. कापताना मुळापासून चार-सहा बोटं सोडून कापावं, म्हणजे ठोंब पुन्हा फुटतं. पातीच्या कडा धारदार असतात, हाताने ओढली तर बोट कापतं. दोन-तीन वर्षांनी कुंडी मुळांनी गच्च भरते आणि पात बारीक व्हायला लागते. तेव्हा ठोंब उपटून त्याचे भाग करावेत, एक आपल्याला ठेवावा आणि बाकीचे शेजारी वाटावेत. याच्या तेलाचा बहुतांश भाग सिट्रल नावाच्या द्रव्याचा असतो. लिंबाच्या सालीतल्या वासातही त्याचा वाटा असतो, म्हणून हे गवत असूनही जिभेला लिंबाची आठवण करून देतं.

नर्सरीत मात्र नाकावर भरवसा ठेवावा, पाटीवर नको. गवती चहाच्या नावाखाली कधीकधी सिट्रोनेला दिलं जातं. तेही याच कुळातलं गवत, पण त्याचा वास डास पळवण्याच्या मलमाचा, आणि चहात तो नकोसा होतो. एक पात मोडून हुंगावी, शंका उरत नाही. याच कुळातलं तिसरं गवत तर आपल्या घरचंच आहे : रोशा. खानदेश आणि निमाडच्या डोंगरउतारांवर ते रानोमाळ वाढतं. त्याच्या तेलाला गुलाबाच्या जवळचा वास असतो. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानच्या बाजारात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. सातपुड्यातलं गवत युरोपात गुलाबाच्या नावाने विकलं जात होतं, आणि ते कापणाऱ्यांना याचा पत्ताही नसेल. रोशाचा चहा करा असं मी म्हणत नाही, पण गवती चहाची पात हातात घेताना तिची ही भावंडं माहीत असावीत असं मला वाटतं.

आल्याचं काम संथ आहे. सातारा जिल्ह्यात आल्याची लागण अक्षय तृतीयेच्या आसपास करण्याची रीत आहे आणि पीक निघायला आठ-नऊ महिने लागतात. घरीही तेच पंचांग चालवावं. बाजारच्या आल्यातलाच फुगीर डोळे असलेला तुकडा निवडावा, पसरट कुंडीत डोळा वर करून दोन बोटं खोल ठेवावा आणि सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा जागी कुंडी मांडावी. पावसाळ्यात पाणी साचलं की कंद कुजतो, म्हणून खालचं भोक मोकळं आहे ना हे आषाढात दर आठवड्याला बघावं. हिवाळ्यात पानं पिवळी पडून माना टाकतात, तेव्हा झाड मेलं असं समजून कुंडी रिकामी करणारे पुष्कळ. खरं तर तेव्हाच आलं तयार झालेलं असतं. दरम्यानच्या काळात कुंडीच्या कडेची माती उकरून लागेल तेवढा कोवळा तुकडा काढून घेता येतो, बाकीचं वाढत राहतं. बाजारात न मिळणारी चीज ती हीच : तंतू न धरलेलं, पातळ सालीचं, रसाळ आलं.

आल्याच्या चहाचं दूध फाटतं, ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि दोष बिचाऱ्या दूधवाल्यावर जातो. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. कोमट-गरम दुधात ते जोरात काम करतं आणि दूध नासतं. उकळीने ते निकामी होतं. म्हणून आलं आधी नुसत्या पाण्यात खळखळून उकळावं, पूड घालावी आणि दूध शेवटी. जुन्या बायका हाच क्रम पाळतात.

पुदिन्याला स्वतंत्र कुंडी द्यावी, कारण तो जमिनीलगत धावरे सोडतो आणि सोबतच्या झाडाची जागा बळकावतो. लावायला बी नको, रोपही नको. बाजारच्या जुडीतल्या चार जाडसर काड्या खालची पानं काढून पेल्यात पाण्यात ठेवल्या तर आठवड्याभरात मुळं धरतात. शेंडे सतत खुडत राहावं, म्हणजे बगलेतून फुटवे येतात. तुरे धरू देऊ नयेत.

पुदिना एक नसतो. आपला स्वयंपाकघरातला पुदिना गोडसर वासाचा असतो, त्याचं मुख्य द्रव्य कार्वोन. गंमत अशी, की बाळंतशोपांनाही वास येतो तो कार्वोनमुळेच, फक्त त्याच्या रेणूची रचना पुदिन्यातल्या रेणूची आरशातली प्रतिमा असते. घटक तेच, जुळणीची दिशा उलटी, आणि आपलं नाक तेवढ्यावरून पुदिना आणि शोपा वेगळे ओळखतं. जिभेला गार करणारा पुदिना तो दुसरा, मेंथॉलचा, ज्याची उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या आसपास मोठ्या प्रमाणावर शेती होते. मेंथॉल प्रत्यक्षात काहीच थंड करत नाही. गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंवरच्या ग्राहकाला ते चिकटतं आणि मेंदूला गार लागल्याची वर्दी जाते. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांच्या शोधासाठी २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, त्यातल्या दोन्ही शास्त्रज्ञांनी गारव्याचा ग्राहक शोधताना मेंथॉलच वापरलं होतं. गरम चहा पिऊन घशाला गार कसं वाटतं, याचं उत्तर इतकं नेमकं मिळालेलं आहे हे मला फार आनंदाचं वाटतं. चहासाठी मी तरी स्वयंपाकघरातलाच पुदिना लावायला सांगेन. मेंथॉलचा पुदिना कपात खोकल्याच्या गोळीची आठवण आणतो.

तुळशीबद्दल लिहिताना हात जरा थांबतो, कारण ती नुसतं झाड नाही. अनेक घरांत पूजेच्या तुळशीचं पान चहासाठी तोडणं रुचत नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. वृंदावनातली वृंदावनात राहू द्यावी, चहासाठी दोन रोपं वेगळी लावावीत. त्यामुळे छाटणीचा संकोचही राहत नाही, आणि चहाच्या तुळशीला छाटणी लागतेच. मंजिऱ्या धरल्या की झाडाचं बळ बियांकडे जातं, पानं लहान आणि काड्या लाकडी होतात. मंजिरी कोवळी असतानाच दोन पानांसकट खुडली तर तेच झाड कितीतरी जास्त काळ हिरवं राहतं. काळसर पानांची कृष्णतुळस तिखटसर, लवंगेच्या जवळ जाणारी, कारण दोन्हींत युजेनॉल असतं. हिरवी रामतुळस सौम्य. कापूरतुळस नावाप्रमाणे कापराच्या वासाची, तिचं एखादंच पान पुरे. सब्जाची तुळस वेगळीच, गोड आणि मसालेदार, आणि बिनदुधाच्या चहात माझ्या मते सर्वांत सुरेख.

बाकीच्या झाडांना पुढे एकेक छोटं प्रकरण आहे. पानओव्याची काडी खोचली की लागते, जाड पानाचा एक तुकडा पुरतो. गोकर्णाच्या निळ्या फुलांचा चहा लिंबू पिळताच जांभळा होतो, मुलांना तो दाखवावा. चव मात्र त्यात नावापुरतीच, त्यामुळे गवती चहाच्या जोडीनेच करावा. लाल अंबाडीच्या बोंडांचा आंबट चहा इजिप्त-सुदानात घरोघर पितात. विदर्भात ही बोंडं चटणी-सरबताला ओळखीची आहेत, त्यांना चहाच्या कपात आणायला काही हरकत नाही. वेलदोड्याबद्दल मात्र आशा ठेवू नये. नर्सरीत ‘वेलची’ म्हणून मिळणारं रोप बहुधा त्याच्या नात्यातलं शोभेचं झाड असतं. पानांना थोडा वास येईल, वेलदोडे येणार नाहीत. खऱ्या वेलदोड्याला सह्याद्रीची दाट सावली आणि दमट थंडावा लागतो.

एक गोष्ट इथे स्पष्टपणे सांगायची आहे. हे पुस्तक औषधांचं नाही. २०२० च्या मार्चअखेर आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदोनदा घेण्याचा सल्ला दिला, आणि पाहता पाहता घरोघरचे काढे त्याच्या दुप्पट-तिप्पट झाले, त्यात गुळवेल आली, आणखी काय काय आलं. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरच्या दरम्यान मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झालेली आढळली. तो अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मंत्रालयाने त्यावर आक्षेपही घेतले. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. मी एवढंच ठरवलं, की गुळवेल, अडुळसा, कोरफड यांना या पुस्तकात जागा नाही. जे पान रोजच्या स्वयंपाकात आधीपासून आहे, तेच रोजच्या चहात. गरोदरपणात, किंवा नियमित औषधं चालू असताना, नवं पान सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

बिनपुडीचा चहा म्हणजे निर्दोष चहा, हा समजही तपासून घ्यावा. पुडीच्या चहाने अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा होतो, हे अनेकांना ठाऊक असतं. पेपरमिंटच्या चहानेही जेवणाबरोबर घेतल्यास जवळजवळ तेवढाच अडथळा होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा देशात जेवण आणि चहा यांत तासा-दीड तासाचं अंतर ठेवा, हे सांगणं मला कुठल्याही गुणवर्णनापेक्षा महत्त्वाचं वाटतं. या झाडांवर औषधी गुणांचं ओझं इतकं लादलं गेलं आहे, की ती चवीसाठी लावावीत हे कारण कोणाला पुरेसंच वाटेनासं झालं. मला ते पुरेसं वाटतं.

उन्हाविषयी एक बारकावा सांगतो, कारण गॅलरी उत्तरेला असल्याने बाग न करणारे पुष्कळ भेटतात. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्या-मुंबईत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उगवतो-मावळतोही उत्तरेकडे सरकून. त्या दिवसांत उत्तरेच्या गॅलरीतही सकाळ-संध्याकाळ थेट ऊन येतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतवर पोचतं. कुंडी उचलता येते, हा तिचा जमिनीवर मोठाच वरचष्मा आहे. ऋतूप्रमाणे ती हलवावी. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर, ज्यांनी प्रयोग परिवार उभा केला, ते बागायतदारांना मातीइतकाच उन्हाचा हिशेब करायला शिकवत. आपल्या गॅलरीत कोणत्या तासाला कुठे ऊन पडतं, हे एक रविवार बसून वहीत मांडलं तर निम्म्या चुका टळतात. नागपूर-अकोल्याच्या वैशाखात मात्र पुदिना आणि आलं यांना हिरव्या जाळीखाली न्यावंच लागतं, आणि कोकणात आषाढ-श्रावणात तुळशीला वळचणीला.

चहाच्या पानावर कसलीही फवारणी नको. ते सोलायचं नसतं, शिजवून पाणी काढून टाकायचं नसतं, त्यावरचं सगळं थेट कपात उतरतं. नर्सरीतून आणलेल्या रोपावर आधी काय मारलं आहे ते कळत नाही, म्हणून जुनी पानं काढून टाकावीत आणि महिन्याभरानंतर आलेली नवी पानंच वापरावीत. मावा, पिठ्या ढेकूण दिसले तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवावेत, फारच झाले तर फांदी छाटावी. खताला गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत, महिन्यातून एकदा मूठभर. जास्त खत घातलं तर पानं मोठी आणि पाणचट होतात.

पुढच्या प्रकरणांतली सगळी मापं दोन कपांची आहेत, कप १५० मिलीलीटरचा. पानांची संख्या मध्यम आकाराच्या पानांची धरली आहे, पावसाळ्यातली पानं मोठी असतील तर कमी घ्यावीत. प्रकरणं झाडांच्या क्रमाने आहेत, पण ती तशीच वाचण्याची गरज नाही. पुस्तक मृगाच्या सुमारास हाती आलं तर गवती चहापासून सुरुवात करावी, दिवाळीनंतर आलं तर पुदिन्यापासून. ऐन उन्हाळ्यात आलं तर आल्याचा डोळे आलेला तुकडा मातीत घालावा, रिकाम्या कुंड्यांत माती-खत भरून ठेवावं आणि बाकीची झाडं पहिल्या पावसानंतर आणावीत.